पेट्या खालीच राहिल्या तो उन्हाळा

दर वर्षी सान जोव्हान्नीच्या सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे तेवीस जूनला, तोर्रेबास्साची कचेरी बैलगाड्यांत चढायची. दप्तरं, शिक्के, शाईच्या बाटल्या, न्यायाधीशांची खुर्ची, पोस्टाचा तराजू आणि तुरुंगात कुणी असलंच तर तो कैदीसुद्धा. मारेम्माच्या दलदलीच्या मैदानातून निघालेल्या गाड्या दिवसभर चढण चढून डोंगरावरच्या मोंतार्सो गावी पोचायच्या आणि ऑक्टोबर संपेपर्यंत सरकार तिथून चालायचं. खाली राहायचा हिवताप, आणि ज्यांना जायला जागा नाही ती माणसं. या जाण्याला गावात एक शब्द होता, एस्तातातुरा. पाळण्यातून उतरलेल्या पोरालाही तो ठाऊक असे.

१८९७ साली पेट्या भरल्याच नाहीत. त्या कचेरीच्या लांब ओसरीवर भिंतीशी ओळीने उभ्या होत्या, झाकणं उघडी, आत गेल्या सालचा पेंढा.

सेत्तिमिओ ब्रान्दी रोज सकाळी त्यांच्यासमोरून आपल्या टेबलाकडे जाई. वय अडतीस, दप्तरखान्याचा कारकून, अक्षर वळणदार, चूक औषधालाही सापडायची नाही. एस्तातातुरा बंद केल्याचा हुकूम वरून आला तो त्यानेच आवकेत नोंदवला होता. त्याखाली नव्या उपप्रांताधिकाऱ्यांनी, तुरीनहून आलेल्या रोवेरो साहेबांनी, स्वतःचं एक कलम जोडलं होतं. कर्मचाऱ्यांची कुटुंबंही खालीच राहतील, म्हणजे गावाला धीर येईल. जो कुटुंब वर पाठवील त्याने राजीनामा दिला असं समजलं जाईल. त्या कलमाच्या अकरा प्रती सेत्तिमिओने काढल्या. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने, नोर्माने, या गावचा जुलै अजून पाहिला नव्हता, हे अकरावी प्रत काढताना त्याच्या लक्षात आलं.

"मावशीची खोली मोंतार्सोत रिकामी आहे," बायको आर्जा त्याच दिवशी म्हणाली. "आम्ही दोघी जातो. तू रहा आणि सरकार सांभाळ."

"तुम्ही गेलात की माझी नोकरी गेली."

"आणि नाही गेलो तर?"

सेत्तिमिओने दिवस मोजले. कापणीचे मजूर अजून खाली होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या गाड्या डोंगराकडे परतणार, त्यानंतर वर जायला गाडी मिळत नसे. म्हणजे हातात दहा-बारा दिवस होते.

त्याच आठवड्यात फ्लॉरेन्सहून एक पत्र आलं. कुणी वृद्ध प्राध्यापक बोलीतल्या शब्दांचा कोश करत होते. त्यांना एस्तातातुरा या नामाचा अर्थ, उगम, सर्वांत जुना लेखी वापर आणि आज लोकांच्या तोंडी असलेलं एखादं वाक्य हवं होतं. शेवटी बारीक अक्षरात सूचना होती: लोक बोलतात तेच लिहावं, लिहिणाऱ्याने स्वतःचं मत घालू नये.

रोवेरो साहेबांनी पत्र वाचलं आणि सेत्तिमिओकडे सरकवलं. माणूस वाईट नव्हता. कालव्यांच्या कामावर तो भर उन्हात मजुरांबरोबर उभा राही.

"दहा ओळी लिहा, ब्रान्दी. अर्थ: ग्रँड ड्यूकच्या काळची एक भित्री चाल. आणि पुढे लिहा, लोप पावलेला शब्द."

"लोप पावल्याचा पुरावा लागेल, साहेब."

"पुरावा ओसरीवर उभा आहे. बारा पेट्या." ते हसले. "कालवे खोदलेत, अर्धी दलदल आटलीय. घाबरता कशाला? तुमची मुलगी इथे खेळताना दिसली की लोकांची भीती जाईल."

"होय, साहेब," सेत्तिमिओ म्हणाला.

पण दहा ओळी बसून ठोकून द्यायच्या, हे त्याच्या हाताला जमणारं नव्हतं. दुपारी कचेरी सुटली की तो वही घेऊन गावात फिरू लागला.

खोगीर शिवणारा आमेरिगो म्हणाला, "चार महिने गिऱ्हाईक नाही, त्याला एस्तातातुरा म्हणतात. लिहा. आणि खाली माझी सही हवी असेल तर एक पेला पाजा."

भट्टीवाली फोस्का पाव बाहेर काढत होती. तिने मान वर केली नाही. "जाणाऱ्यांना शब्द लागतो, सेत्तिमिओ. आम्ही नुसते राहतो. राहण्याला काय म्हणतात ते विचारलंय का तुझ्या प्राध्यापकाने?"

कापणीवाल्यांचा मुकादम धर्मशाळेच्या सावलीत कांद्याच्या पाण्यात शिळा पाव बुडवून खात होता. त्याला शब्दाचं भलतंच हसू आलं. "तो मेंढ्यांचा शब्द आहे हो. एस्ताते म्हणजे उन्हाळा, एवढं तर तुम्हाला येतं ना? मे महिन्यात आमच्याकडचे धनगर कळप डोंगरावर नेतात, त्याला म्हणतात एस्तातारे, उन्हाळा काढायला नेणं. तुम्ही तो आमच्याकडून उचललात. आधी मेंढ्या शहाण्या झाल्या, मग साहेब लोक." मग हसू आवरून म्हणाला, "यंदा साहेब लोक विसरले म्हणतात."

"तुमच्या गाड्या कधी निघणार?"

"सहा तारखेला पहाटे. का?"

"सहज विचारलं."

सेत्तिमिओने उगमाच्या रकान्यात मुकादमाचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आणि कबरस्तानाच्या वाटेला लागला. तिथला जेलिन्दो बावीस वर्षं खड्डे खणत होता. शब्दाचा एखादा अर्थ त्याच्याकडेही असणार.

जेलिन्दो कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. मागे आणखी नऊ खड्डे तयार होते, सगळे रिकामे.

"कुणी गेलं का?" सेत्तिमिओने विचारलं.

"अजून नाही."

"मग हे कुणासाठी?"

"नावं मला ठाऊक नसतात, साहेब. आकडा ठाऊक असतो." जेलिन्दोने फावडं टेकवलं. जुलैत इथली चिकणमाती विटेसारखी भाजून निघते, पहार टेकवली तर हातालाच झिणझिण्या येतात. म्हणून जमीन मऊ असते तेव्हा, जूनमध्येच, तो खणून ठेवी. गेल्या उन्हाळ्यात लागले तितके आणि वर दोन. त्याच्या बापाचीही रीत तीच होती. "गेल्या साली अकरा लागले. म्हणजे यंदा तेरा धरले होते. पण यंदा तुम्ही सगळे खालीच आहात. बरं झालं आलात. राहिलेल्यांची यादी तुम्हीच केलीत ना?"

"केली."

"मग सांगा, जादा माणसं किती? आणि त्यांत लहान किती? लहानांना अर्धी जागा पुरते, माझी कंबर वाचते."

आकडा विचारला की सांगायचा, ही सेत्तिमिओची वीस वर्षांची सवय. "एकशे बेचाळीस जादा. दहा वर्षांखालचे एकोणीस." बोलून झाल्यावर त्याला आठवलं की यादीत एकोणिसावं नाव नोर्माचं होतं.

जेलिन्दोने ओठ हलवत हिशेब केला. "लहान चार धरतो."

"चार कशावरून?"

"कमी पडलेत, साहेब. उरले नाहीत कधी."

सेत्तिमिओ वही मिटून उभा राहिला. पहिल्या खणलेल्या खड्ड्यांच्या तळाशी झिरपलेलं पाणी साचलं होतं आणि त्यावर डासांचा पुंजका वरखाली होत होता. त्याने हातानेच ते तोंडावरून हाकलले. शब्दाचा अर्थ विचारायचा राहून गेला. त्याची गरजही नव्हती.

घरी येऊन तो कामाला लागला. वाईट हवा दलदलीतून उठते, सूर्य कलला की वाऱ्याबरोबर गावात शिरते आणि झोपलेल्या माणसाच्या छातीत बसते, हे तोर्रेबास्सात कुणाला शिकवावं लागत नसे. त्याने दलदलीकडच्या दोन्ही खिडक्या खिळे मारून बंद केल्या, फटींत कापूस कोंबला. नोर्माची खाट उचलून मागच्या चौकाकडच्या खोलीत नेली, खिडकीला लावून. ती खिडकी उघडी ठेवली. खाली चौकात पावसाच्या पाण्याचा दगडी हौद होता, अर्धा भरलेला. पाणी स्वच्छ, वर अंजिराची सावली, वारा थंड येई. साऱ्या घरात याहून निर्धोक जागा नव्हती.

"बघ," तो आर्जाला म्हणाला. "इथे दलदलीची हवा पोचूच शकत नाही. मी नीट विचार केलाय."

आर्जाने खाटेवर हात फिरवला. "एवढा विचार करून माणूस गाडीत बसतो, सेत्तिमिओ."

"ऑक्टोबरपर्यंतचा तर प्रश्न आहे."

"प्रश्न सहा तारखेपर्यंतचा आहे," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

सर्वांत जुना लेखी वापर शोधायचा राहिला होता. दप्तरखान्याच्या तळघरात, गावावर कप्तान नावाचे अधिकारी नेमले जात त्या काळच्या आवक-जावक वह्या होत्या, कातडी बांधणीच्या, कसरीने खाल्लेल्या. दोन दिवस तो मागे मागे जात राहिला. शब्द १७८० मध्ये होता, १७४४ मध्ये होता, १७०३ मध्ये होता. १६९१ च्या वहीत तो सापडला आणि १६९० च्या वहीत नव्हता. त्याने १६९१ ची वही वर आणून उजेडात उघडली.

त्या साली कुणी नवा कप्तान आला होता. मे महिन्यात त्याचा हुकूम: बाग फुलवायची तर माळ्याने बागेत राहावं, यापुढे एकही अधिकारी उन्हाळ्यात गाव सोडणार नाही. जूनची पानं एका हातची, उभं, टोकदार अक्षर, ओळींत सारखं अंतर. आठ जुलैला तेच अक्षर थोडं तिरकं झालं. नऊ जुलैला एका नोंदीच्या मधोमध, "मिठाच्या तीन गोण्या" एवढं लिहून, ते थांबलं. "मिळाल्या" हा शब्द दुसऱ्या हातचा होता. गोल, मोठं अक्षर. ते सव्वीस तारखेपर्यंत टिकलं. मग तिसरं, लिहायची सवय नसलेल्या माणसाचं. ऑगस्टात दोन नोंदी. मग पानं कोरी. सेत्तिमिओने ती मोजली नाहीत, नुसती उलटली.

बारा नोव्हेंबरला चौथ्या कुणाचं तरी अक्षर होतं, घाईचं. कप्तान आणि त्यांची माणसं यांना सान लोरेन्झो चर्चच्या आवारात पुरलं आहे. पुढील सालापासून अधिकाऱ्यांनी मेंढरांप्रमाणे उन्हाळ्याला वर जावं. त्या वाक्यात तो शब्द होता. सर्वांत जुना लेखी वापर.

सेत्तिमिओने तारीख, पान आणि वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेतलं. मग परत नऊ जुलैवर आला आणि मिठाच्या गोण्यांवर बोट ठेवून बसला. आधीच्या हाताने पेन टाकलं तेव्हा शाई ओली असणार. दुसऱ्याने त्याच दौतीत बुडवलं असणार.

पाच जुलैला सकाळी शेजारच्या टेबलावरचा तेबाल्दो अंगात लोकरीचा कोट घालून आला. बाहेर दगड तापले होते.

"लग्नाला निघालास की काय?" कुणीतरी विचारलं.

"हिव भरलंय जरा," तेबाल्दो म्हणाला. दात वाजू नयेत म्हणून त्याने जबडा आवळून धरला होता. दहा वाजता दोघांनी धरून त्याला घरी पोचवलं. त्याची चालू आवक-जावक वही अर्धवट नोंदीवर उघडी पडली होती. रोवेरो साहेब दारात आले, पाहिलं आणि म्हणाले, "ब्रान्दी, तूर्त तुम्ही लिहा."

सेत्तिमिओ तेबाल्दोच्या खुर्चीत बसला. त्याच्या दौतीत पेन बुडवलं. नोंद अशी होती: "जिल्ह्याहून क्विनीनच्या दोन पेट्या". त्याने "मिळाल्या" लिहिलं. अक्षर त्याचं होतं, पण त्याला ते पूर्वी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. त्याने पेन पुसून ठेवलं, टोपी उचलली आणि कुणालाही न सांगता धर्मशाळेकडे गेला. वीस वर्षांत कामाच्या वेळी तो पहिल्यांदाच उठला होता.

मुकादमाला बघताच कळलं. "दोघी?"

"दोघी."

"पेंढ्यावर बसावं लागेल."

"बसतील."

घरी त्याने एवढंच म्हटलं, "उद्या पहाटे." आर्जाने का म्हणून विचारलं नाही. गाठोडं बांधलेलंच होतं, पलंगाखाली. तिने ते केव्हा बांधलं, हे त्यानेही विचारलं नाही.

पहाटे गाड्या धर्मशाळेसमोर उभ्या राहिल्या. नोर्मा अर्धवट झोपेत होती. तिला उचलून पेंढ्यावर ठेवताना फ्रॉकची बाही वर सरकली आणि दंडावर लाल फुगवट्यांची रांग दिसली, सात-आठ.

"हे काय?"

"पिसवा," आर्जा म्हणाली. "चौकातल्या मांजराच्या. रोज खाजवते."

"मला तिथेच झोपायचं होतं," नोर्मा म्हणाली. "हौदात बेडूक आहे."

"मी बघतो त्याच्याकडे."

"त्याला नाव नाहीये अजून."

"मग वरून कळव," सेत्तिमिओ म्हणाला. बैल हलले. आर्जाने हात केला नाही, गाठोड्यावरचा हात उचलला की पडेल असं धरून बसली होती. गाड्या पुलापलीकडे जाईपर्यंत तो उभा राहिला आणि मग कचेरी उघडायला गेला.

रोवेरो साहेबांना दुपारच्या आत कळलं. गावात हे व्हायचंच.

"तुमचा राजीनामा आला असं मी समजू का, ब्रान्दी?"

"समजा, साहेब."

"एका पोरीसाठी वीस वर्षांची नोकरी?"

"जेलिन्दोने चार धरलेत."

"कोण जेलिन्दो?"

सेत्तिमिओने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचं स्वतःचं कुटुंब तुरीनला होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात निरोप आला की पोस्टमास्तर आणि न्यायालयातला शिरस्तेदार आज येणार नाहीत, हिव भरलंय.

"ऑक्टोबरअखेरपर्यंत काम करा," साहेब म्हणाले. "मग मोकळे व्हा."

जुलै पुढे सरकला. साहेबांनी कचेरी थंड राहावी म्हणून ओसरीवर पाण्याच्या पराती ठेवायला लावल्या. तेबाल्दो वीस तारखेला गेला. जेलिन्दोने खणलेले तेरा आणि चार खड्डे महिनाअखेर संपले आणि तो तापलेल्या मातीत पहार घेऊन उतरला. ठण ठण आवाज कचेरीपर्यंत येई. भट्टीवाली फोस्का दोनदा आडवी पडली आणि दोनदा उठून पाव भाजायला लागली. सेत्तिमिओ रिकाम्या घरी नोर्माच्या खाटेवर झोपे. सगळ्यात निर्धोक जागा ती, तिने गरम करून ठेवलेली. रोज सकाळी मान आणि मनगटं खाजवत उठे. मांजर त्याने केव्हाच हाकलून दिलं होतं.

दोन ऑगस्टला मोंतार्सोहून पत्र आलं. आर्जाचं अक्षर, वाकडंतिकडं. नोर्मा चांगली आहे. अंजिरं खाऊन पोट बिघडलं होतं, ते बरं झालं. दंडावरचे फोड केव्हाच गेले. इथल्या वैद्याने तिला दोनदा तपासलं, ताप नाही. बेडकाचं नाव कप्तान ठेवायचं आहे. पत्र जवळजवळ चार आठवड्यांनंतरचं होतं. जेलिन्दो सांगे त्याप्रमाणे, धरायचाच तर ताप एवढ्या दिवसांत धरून मोकळा होतो.

सेत्तिमिओने पत्र तीन वेळा वाचलं आणि खिशात ठेवलं. मग शब्दाची चिठ्ठी काढली. फ्लॉरेन्सहून स्मरणपत्र येऊन आठवडा झाला होता. अर्थ, उगम, १६९१ चं वाक्य, सगळं जागेवर होतं. वापराच्या रकान्यात साहेबांनी पेन्सिलीने "लोप पावलेला" असं लिहून दिलं होतं. त्याने ते खोडलं, शाईने "चालू" लिहिलं. लोकांच्या तोंडचं वाक्य म्हणून फोस्काचं घातलं: जाणाऱ्यांना शब्द लागतो, आम्ही नुसते राहतो. घडी घातली, लाख लावली आणि जावकेत नोंद करायला वही ओढली.

कचेरीत तो आणि रोवेरो साहेब, दोघेच होते. साहेब समोरच्या टेबलावर पोस्टाचा तराजू घेऊन टपालाची वजनं करत होते, पोस्टमास्तर नव्हता म्हणून.

"फ्लॉरेन्स, प्राध्यापकांस, शब्दाची एक चिठ्ठी", इथपर्यंत सेत्तिमिओचं अक्षर सरळ आलं. "चिठ्ठी"चा शेवट तिरका झाला. त्याने पेन थांबवलं आणि त्या शब्दाकडे पाहिलं. पाठीच्या कण्यातून काहीतरी गार वर चढत होतं. बाहेर दुपारचा एक वाजला होता, ओसरीवरच्या पेट्यांच्या लोखंडी पट्ट्यांना हात लावला तर चटका बसावा.

"साहेब," तो म्हणाला, "ती दलदलीकडची खिडकी जरा लावून घ्या. हवा येते."

रोवेरो साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. खिडकी जूनपासून बंदच होती. तरी ते उठले, कडी चाचपून परत आले. सेत्तिमिओचे दात वाजायला लागले होते. त्याने वही हळूच फिरवून त्यांच्याकडे सरकवली, दौत तिच्यामागून.

"काय राहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"एकच शब्द. पाठवली."

साहेबांनी डावं मनगट खाजवलं, पेन उचललं आणि त्याच ओळीत, आपल्या तुरीनच्या बारीक, घट्ट अक्षरात, तो शब्द लिहिला.